तिथीची पाऊणपट

फाल्गुन लागला की दुपारी वारा फिरतो. सकाळभर डोंगराकडून येणारा कोरडा वारा थांबतो, घटकाभर पान हलत नाही, अंगाला घाम फुटतो आणि मग समुद्राकडून खारट, ओलसर वारा सुटतो. त्याच सुमाराला आमच्या ओट्यासमोरून ट्रेनिंगशाळेचे मास्तर जायला लागतात. कुणाच्या काखेत नकाशाची गुंडाळी, कुणाच्या हातात फडक्यात बांधलेली कापसाची बोंडं, आणि सगळ्यांचे ओठ हलत असतात. नवख्याला वाटेल जप चाललाय. जप नाही, पाठ. परीक्षकासमोर वर्ग घेऊन दाखवायचे दिवस आले. काल एक जण आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याला विचारत होता, "मुलांनो, ही वस्तू तुम्ही कुठे पाहिली आहे बरे?" गडगा काय बोलणार. मी ओट्यावरून बघत होतो. मलाही काही बोलावंसं वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं.

त्या शाळेत मी बावीस वर्षं शिपाई होतो. घंटा माझी, किल्ल्या माझ्या, फळे माझे. फळा काळा करायचा म्हणजे कोळसा वाटायचा, वस्त्रगाळ करायचा, पाल्याच्या रसात कालवायचा आणि काथ्याच्या कुंचल्यानं उभे-आडवे दोन हात द्यायचे. बाजारचा रंग चकाकतो. मागच्या रांगेतल्या पोराला मग अक्षराऐवजी खिडकीच दिसते. हे मी हेडमास्तरांना सांगितलं होतं. त्यांनी तरीही बाजारचा रंग आणवला, आणि चार महिन्यांनी मलाच पुन्हा कोळसा वाटायला सांगितलं. हे लिहायचं कारण एवढंच, की मला कुणी अगदीच अडाणी समजू नये. माझी मराठी दुसरी झालेली आहे. तिसरी मी दाराबाहेर बसून केली, बावीस वेळा.

दाराबाहेर बसून वर्ग दिसत नाही, ऐकू येतो. आणि ऐकून जास्त कळतं. मास्तर एकटाच बोलत असला तर आवाज रहाटासारखा एका पट्टीत येतो. पोरं घोकत असली तर लाट येते आणि जाते. पण खरोखर काही शिकणं चाललं असेल तर मध्येच सगळं गप्प होतं. ते गप्प होणं फार थोडा वेळ टिकतं. मग कुणीतरी हळूच काहीतरी चुकीचं बोलतं. ते ऐकायला मी स्टुलावरून उठून उभा राहायचो. नवे मास्तर त्या शांततेला घाबरतात. त्यांना वाटतं पाठ पडला, आणि ते आपणच उत्तर सांगून मोकळे होतात. असं त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी लिहून ठेवतो.

आमच्या सरावशाळेची तिसरीची पोरं म्हणजे मुरलेली. वर्षभर त्यांच्यावर पाठ व्हायचे. कापसाचा पाठ त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की मास्तरांनी पिशवीत हात घातला की पुढचं एखादं पोर 'कापूस' म्हणायला तोंड उघडायचं, आणि शेजारचं त्याला चिमटा काढायचं, की थांब, आधी विचारू तर दे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर वर्गाला फुटाणे वाटायचे, ही तिथली रीतच होती. फुटाणे घेऊन पोरं विचारायची, मास्तर, चुकीचं उत्तर पहिल्यांदा कुणी द्यायचं? म्हणजे मास्तरांना ते सुधारून दाखवता येईल. परीक्षक खूश, मास्तर खूश, पोरांच्या खिशात फुटाणे. शिकलं कुणीच नाही. मला त्या दिवसांत फार थकवा यायचा. अंगमेहनतीचा नव्हे. तेच तेच ऐकल्याचा.

ज्या फाल्गुनाची ही आठवण, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या वर्षी गणपत मास्तर दुसऱ्यांदा पाठाला उभे राहणार होते. राजापूरच्या वर, डोंगराच्या पोटात त्यांचं गाव. तिथल्या देवळाच्या पडवीत चार इयत्ता एकट्यानं सांभाळत त्यांनी चौदा वर्षं काढली होती, ट्रेनिंग न झालेले मास्तर म्हणून. मग वरून हुकूम आला, की ट्रेनिंगचा दाखला आणा, नाहीतर जागा खाली करा. आदल्या वर्षी ते बाकी सगळ्यात पास झाले आणि पाठात नापास. आता ही शेवटची खेप. घरी बायको, तीन मुलं, आणि डोंगरउताराची थोडी वरकस जमीन, जिच्यात नाचणीपलीकडे काही होत नाही.

चाळिशीला आलेला माणूस. मिशी पांढरी व्हायला लागलेली. बाकीचे शिकाऊ मास्तर विशी-बाविशीतले, ते त्यांना 'आजोबा' म्हणायचे. आजोबा, पोरांच्या आधी तुम्हीच झोपाल हो, म्हणून चेष्टा करायचे. गणपत मास्तरही हसायचे. एरवी बोलायला लागले की ऐकत राहावं असा माणूस. पहिलीला चिंचोके मोजायला बसवून चौथीला भूगोल कसा सांगायचा, मोठ्या पोरीला धाकट्यांची मास्तरीण कशी करायची, हे ते मला हसत हसत सांगायचे. पण परीक्षकाची खुर्ची मागं आली की त्यांच्या तोंडातून पुस्तकाची भाषा यायची. "मुलांनो, आज आपणांस अमुक विषयाची माहिती करून घ्यावयाची आहे." पोरं टकामका बघत राहायची.

दुपारच्या सुट्टीत ते माझ्याकडे पडवीत यायचे आणि मला वर्ग करायचे. मी स्टुलावर, ते समोर उभे. मी पहिली रांग, मीच शेवटची रांग. त्यांनी विचारायचं आणि मी मला खरोखर वाटेल ते सांगायचं, फुटाणे घेतलेल्या पोरासारखं नाही, असं आमचं ठरलेलं. मी मुद्दाम आडवा लागायचो. त्यांनी विचारलं, पाऊस कुठून येतो? मी म्हटलं, साखरतरच्या बाजूनं. त्यांनी विचारलं, ढगात पाणी कसं जातं? मी म्हटलं, गेलेलं मी पाहिलेलं नाही. ते कपाळाला हात लावायचे. "धोंडूदादा, तुमच्यासारखी चाळीस पोरं असती तर मी पहिल्याच दिवशी गाव सोडला असता." पण हळूहळू त्यांची पुस्तकी भाषा सुटत चालली होती. ते मी केलं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

पाठाचा विषय आदल्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून मिळायचा. गणपत मास्तरांच्या चिठ्ठीत आलं, 'भरती-ओहोटी'. या माणसानं रत्नागिरीत येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. इथं येऊनही बोर्डिंग, शाळा आणि अभ्यास, एवढंच. चिठ्ठी हातात घेऊन ते पडवीत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पुस्तकात होतं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. चंद्र पाणी ओढतो, वगैरे. मी म्हटलं, मास्तर, ह्यातलं अक्षर न् अक्षर त्या पोरांना पाठ आहे. चंद्र म्हणायच्या आधी ती ओढतो म्हणतील.

मग मी त्यांना माझ्या बापाची गोष्ट दिली.

माझा बाप शिडाच्या मचव्यावर तांडेल होता, सगळे खलाशी त्याच्या हाताखाली. मुंबईच्या फेऱ्या करायचा. मी सात वर्षांचा असताना एका फेरीला गेला आणि मचव्यासकट आला नाही. घर, जमीन, काही मागं ठेवलं नव्हतं. एक गोष्ट तेवढी मला शिकवून गेला होता. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी. तृतीयेला सव्वादोन. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पुनवेनंतर पुन्हा एकापासून मोजायचं. घड्याळ नको, पुस्तक नको, पंचांगसुद्धा नको, वर चंद्र दिसला की झालं.

गणपत मास्तर बोटांवर मोजायला लागले, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार. "दादा," ते म्हणाले, "ही पाऊणकी मी चौदा वर्षं पोरांकडून घोकून घेतली. ती कशासाठी, ते मला आज कळलं." त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मला माझा बाप आठवला. कसा दिसायचा ते आठवत नाही, तरी आठवला.

तिथंच टाचणवही उघडून ते लिहायला बसले. हेतू, पूर्वज्ञान, साहित्य, प्रश्न, फळ्यावरचं काम, एकेक रकाना. पाऊणकी म्हणून घ्यायची, उद्याची तिथी विचारायची, पोरांनीच वेळ काढायची. मग लेखणी थांबली. त्यांनी मला विचारलं, आज तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती पुरी. आता एक वाजतोय. एकदा बंदरावर जाऊन बघून येऊया काय?

बंदर पाव तासाच्या वाटेवर. सुट्टी संपायला अवकाश होता, आणि घंटेला दुसरा माणूस मिळाला असता. पण मला ते लागलं. मी म्हटलं, "माझ्या बापानं सांगितलेलं आहे. त्यात बघायचं काय?"

ते म्हणाले, तसं नव्हे दादा. आणि त्यांनी वही मिटली.

हे मी इतक्या वर्षांत किती वेळा मनात उगाळलं असेल. फळ्याचा कोळसासुद्धा इतका वाटला नाही. बावीस वर्षं मी त्या शाळेच्या टेकडीवर होतो. खिडकीतून खाडी दिसायची. तिथीची पाऊणपट मी कितीतरी जणांना ऐकवली असेल, ऐटीत. आणि एकदाही, एकदाही खाली जाऊन बघितलं नव्हतं. मास्तरांना मी म्हणायचो, पुस्तक ठेवा, डोळ्यांनी बघा. सांगायला सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला पाठ सुरू झाला. मागं दोन खुर्च्या, एकीवर परीक्षक, एकीवर हेडमास्तर. भिंतीला टेकून निरीक्षणाच्या वह्या घेतलेले शिकाऊ मास्तर. परीक्षक देशावरचे होते, गोरे, उंच, बोलणं मोजकं. मी दाराशी. गणपत मास्तरांनी फुटाणे वाटले नव्हते. ते म्हणाले होते, माझ्या शाळेत मी कधी वाटले नाहीत, इथं कशाला.

सुरुवात इतकी चांगली झाली की मला भीती वाटली. पाऊणकीची लाट आली आणि गेली. मग मास्तरांनी विचारलं, आज तिथी कोणती? चतुर्थी. चार पाऊणे? तीन. मास्तरांनी फळ्यावर मोठा तीनचा आकडा काढला आणि म्हणाले, आज तीन वाजता आपल्या खाडीत पाणी पुरं भरेल. मुरलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. कुणी बोटांवर उद्याची वेळ काढू लागलं, कुणी परवाची.

खिडकीशी बंदरावरच्या एका खारव्याची पोरगी बसायची, चंद्री तिचं नाव. कधी बोलायची नाही. वर्गात मुली तीन, त्यातली ही सगळ्यांत गप्प. ती बाहेर बघत म्हणाली, "मास्तर, पाणी भरला. व्हड्या फिरतायत."

हेडमास्तरांनी घड्याळ काढलं. दोन वाजून पाच मिनिटं.

गणपत मास्तर खिडकीशी गेले. मी पण दारातून मान आत घालून खिडकीबाहेर बघितलं. खाली खाडीत नांगरलेल्या होड्या आडव्या होत होत्या, सावकाश, झोपेत कूस बदलल्यासारख्या. शिकाऊ मास्तरांना तिथं वर्षभर पढवलेलं असायचं, की शिक्षकानं आपलं अज्ञान वर्गासमोर उघडं करू नये, विषय बदलून पुढं जावं. गणपत मास्तर परत फळ्याशी आले. हातानंच त्यांनी तीनचा आकडा पुसला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "चंद्री, तुला कसं कळलं ते सगळ्यांना सांग."

ती उभी राहिली. भरती येत असली की होड्यांची तोंडं समुद्राकडं असतात, पुरी झाली की आडव्या पडतात, आणि ओहोटी लागली की तोंडं खाडीकडं. असं ती हळूहळू, जमिनीकडं बघत म्हणाली. मग आणखी म्हणाली, की मुंबईला ह्याच्यानंतर तासाभरानं भरतं. तिचा बाप तिकडं मासळी घेऊन जायचा.

मला तिथंच कळलं. बापाचं सगळं आयुष्य मुंबईच्या फेऱ्यांत गेलं होतं. त्याची पाऊणपट मुंबईच्या बंदराची होती. तो खोटं बोलला नव्हता. मी ती भलत्या खाडीला लावली होती.

वर्ग गप्प झाला. ज्यासाठी मी स्टुलावरून उठायचो, तसा गप्प. मग मधल्या रांगेतून एक पोर म्हणालं, मास्तर, मग मालवणला आपल्याही आधी भरत असंल? आणि गणपत मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही. कसं कळेल आपल्याला?" एकदम पाच-सहा हात वर झाले. मालवणच्या बोटीवरच्या माणसाला विचारू. माझी आत्या आहे तिथं, तिला पत्र लिहू. बावीस वर्षांत त्या दाराशी मी याच्याइतका चांगला पाठ ऐकलेला नाही. कुणी काही म्हणो.

पण टाचणातल्या पायऱ्या राहिल्या. चंद्राचं नाव निघालं नाही, फळा कोरा राहिला, आणि वेळ झाली. मी घंटा दिली.

पोरं बाहेर गेल्यावर परीक्षकांनी टाचणवही मागितली. पान उलटत त्यांनी शांतपणे विचारलं, हा पाऊणपटीचा नियम तुम्ही कोणत्या पुस्तकातून घेतलात?

गणपत मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं. आदल्याच महिन्यात हेडमास्तरांनी मला दम भरला होता, की शिपायानं शिपायाचं काम करावं, मास्तरांना पढवू नये. ते गणपत मास्तरांना ठाऊक होतं.

"पुस्तकातला नाही, साहेब," ते म्हणाले. "माझीच समजूत चुकीची होती."

घंटेचा हातोडा हातात धरून मी तीन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, मी सांगितलं. त्यांना बंदरावर जाऊन बघायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो, असं पुढं मी कधी कधी स्वतःला समजावलं. ते खरं नाही. शिपायाला कोण काढतो, आणि काढलं असतं तरी दोन हात होते. मला लाज वाटली. तांडेलाच्या मुलाला आठ वर्षांच्या पोरीनं चाळीस जणांत खोटं पाडलं, आणि ते आपल्या तोंडानं कबूल करायचं, हे मला जमलं नाही. गणपत मास्तरांनी तेच काम हातानं आकडा पुसून करून टाकलं होतं. त्यांना काही झालं नव्हतं. उलट पोरं त्यांना चिकटली होती. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी उभा राहिलो.

आठ दिवसांनी निकाल लागला. विषयज्ञान कच्चे, माहितीस आधार नाही, पाठ अपूर्ण. नापास. मी एकदा बोललो असतो तर पास केलं असतं काय? ठाऊक नाही. न बोलल्यामुळं आता ते कधी कळणारही नाही.

जायच्या दिवशी ते वळकटी घेऊन पडवीत आले. पहाटेचं धुकं नुकतं उठलं होतं, काजूच्या मोहराचा वास सुटला होता. मी फळ्याला कोळसा देत होतो. हात थांबवला नाही. ते म्हणाले, दादा, येतो. मी म्हटलं, या. निघता निघता म्हणाले, चंद्रीला सांगा, मालवणचं कळलं की मला पत्र टाक. मी मान हलवली. चंद्री त्या वैशाखातच शाळेतून निघाली. मी तिला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर रजा काढून मी राजापुराकडे गेलो. अर्धी वाट मोटारीतून, पुढं पायी. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, वाटभर वाक्यं जुळवत होतो, आणि माझेही ओठ हलत असणार. देवळाच्या पडवीत शाळा भरली होती. नवे, दाखला असलेले मास्तर शिकवत होते. आवाज एका पट्टीत येत होता. मी थांबलो नाही.

गणपत मास्तर घरी नव्हते. भाद्रपदात बोटी सुरू होताच जैतापुराहून बोटीत बसून मुंबईला गेले होते. गिरणीच्या दाराशी हजेरी लिहायचं काम मिळालं होतं म्हणे. त्यांच्या मंडळींनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला आणि माझं नाव कळल्यावर पदर सावरून म्हणाल्या, "तुमीच काय ते धोंडूदादा? सांगून गेलेत, दादा कधी आले तर जेवल्याबिगर सोडू नको म्हणून." मुलं कोपऱ्यातून बघत होती. थोरला बापासारखा दिसत होता.

पान वाढलं. नवा तांदूळ, कुळथाचं पिठलं. मी पहिला घास घेतला तेव्हा त्या चुलीशी बसून, माझ्याकडे न बघता बोलल्या.

"दादा, एक विचारू? तुमी तिथंच होतात. ह्यांना नापास का केलानी? ह्ये सांगीत नाहीत. चौदा वरसं पोरं शिकवलीन ह्यांनी. ह्यांचं चुकलं तरी काय?"

वाटभर जुळवलेली वाक्यं सगळी तोंडाशी होती. मास्तर घरी नाहीत, ऐकायला बाई एकटी, सांगणं किती सोपं होतं. मी पाण्याचा घोट घेतला.

"परीक्षक देशावरचा होता, वहिनी," मी म्हटलं. "त्याला भरतीतलं काय कळणार."

"तरीच," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा मोकळा झाला. त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला, आणि मी तो सगळा जेवलो.